धवल्यातला न

मी सर्व्हर सांभाळते. महाप्याच्या एका कंपनीत, गेली पंचवीसेक वर्षं. म्हणजे नेमकं काय करते, हे मला आजवर घरच्या कुणालाही धड सांगता आलेलं नाही. माझी मावशी सगळ्यांना सांगते, "ती मशिनींची आया हाय." पूर्वी मी त्यावर चिडायचे. आता चिडत नाही, कारण याहून नेमकं वर्णन मलाही सुचलेलं नाही. मशीन कुरकुरलं की मी उठून बघते.

माझं सगळं काम लिनक्सवर चालतं. लोकांना वाटतं, फुकट मिळतं म्हणून. तसं नाही. कुठल्याशा देशात कुणी एक माणूस बसून छोटासा प्रोग्राम लिहितो. तो प्रोग्राम एकच काम करतो, पण चोख करतो. मग तो माणूस त्याचा कोड उघडा ठेवतो, की बघा, बदला, वाटून टाका. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. अशा शेकडो अनोळखी माणसांच्या हातचं खाऊन मी पंचवीस वर्षं नोकरी केली आणि त्यातल्या एकालाही कधी भेटले नाही. हे मला फार आवडतं. माणसं न भेटता उपयोगी पडतात, ही सोय मला स्वभावालाही मानवते.

कारण माझा स्वभाव तिरसट आहे. कोडमध्ये कुणी एक स्पेस जास्त सोडली तरी मला झोप येत नाही. हाताखालची पोरं माझ्याकडे काम दाखवायला येण्याआधी एकमेकांना दाखवून घेतात. बॅकअपवर तर मी कीर्तनच करते. "बॅकअप घेतला नसेल तर रडायला माझ्याकडे यायचं नाही," असं मी एकदा एका मॅनेजरला सुनावलं होतं. ते वाक्य ऑफिसात अजून माझ्या नकलेसकट म्हणतात.

घरीही माझा एक सर्व्हर आहे. ऑफिसनं मोडीत काढलेलं मशीन मी नेरूळच्या आमच्या फ्लॅटवर आणलं आणि ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी बसवलं. त्यावर लिनक्स, वेबसाइट दाखवणारा एक प्रोग्राम, मेलचा एक, आणि फाइलींचा इतिहास जपणारा एक. सगळं आपल्या हातचं. नवरा कराडकडचा, बोलायला खवचट. गणपतीत तो त्या मशीनलाही हळदकुंकू लावतो आणि विचारतो, "ह्याला जेवायला वाढू का?"

या मशीनवर माझ्या मावशीचे धवले राहतात. ही हकीकत त्यांचीच आहे.

मावशी तळवलीची. मीही तळवलीचीच. आम्ही आगरी. आमच्या लग्नात हळदीपासून पुढचे विधी धवले, म्हणजे लग्नगीतं, म्हणत म्हणत होतात आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. मावशी पन्नासेक वर्षं धवलारीण आहे. हळद वाटताना वेगळा धवला, नवरीला न्हाऊ घालताना वेगळा, मांडवात बसवताना वेगळा. तिला कुणी शिकवलं, तर तिच्या सासूनं, आणि तेही मुद्दाम नाही. ऐकून ऐकून आलं. कागदावर काहीही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात मावशी मधेच थांबली. एक ओळ आठवेना. मागच्या बायकांनी सावरून घेतलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण मावशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "पोरी, डोक्यातना सुटाया लागलाय." तिच्या नातीचं लग्न ठरायचं होतं. तिची भीती तिनं सरळ सांगितली. "नातीच्या हलदीन मी थांबली, त दुसरे गावची धवलारीन बसल. माज्या दारान. मना त्यो दिवस नको."

मी म्हटलं, मी लिहून घेते, तुझ्या मोबाइलवर मोठ्या अक्षरात दिसेल असं करून देते. मावशी चौथी पास. सावकाश पण वाचते. रेकॉर्ड करूया म्हटलं तर हात जोडले. मांडव नसताना धवला गायचा नाही, असा तिच्या सासूचा नेम होता. "गायची नाय. सांगते. तू लिव." म्हणून दर रविवारी ती निवांत बोलल्यासारखे शब्द सांगायची आणि मी लॅपटॉपवर टिपून घ्यायचे. एका धवल्याला एक फाइल. वर्षभरात चौसष्ट झाल्या. मी त्या घरच्या सर्व्हरवर उघड्याच ठेवल्या, कुणीही बघा, उतरवून घ्या. बघणार कोण, हा प्रश्न मला पडला नाही. उघडं ठेवायचं ही सवय.

लिहिताना मात्र माझा जीव खालीवर व्हायचा. आमच्या बोलीत ण नाही, सगळा न. ळ नाही, ल. आहे नाही, हाय. मावशी सांगायची, "कोनी आनला पानी गो, कोनी आनला पानी, मामानी आनला पानी गो, नवरी न्हायला बसली." मी तसंच टाइप करायचे आणि माझी बोटं मागे वळून दुरुस्त करायला शिवशिवायची.

त्याला कारण आहे. चौथीपर्यंत मी गावच्या शाळेत होते, पाचवीला वाशीच्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी धडा वाचायला उभं केलं. पुस्तकात ‘पाणी’ होतं. मी ‘पानी’ वाचलं. वर्ग हसला. बाई वाईट नव्हत्या, त्यांनी फक्त पुन्हा वाच म्हणून सांगितलं. मी जास्त काळजीपूर्वक, जास्त मोठ्यानं पुन्हा ‘पानी’च वाचलं. मला फरक ऐकूच येत नव्हता. त्या वर्षी मी ण असा घोटला की पुढे लोकांच्या लग्नपत्रिकांतल्या चुका काढू लागले. नवऱ्यानं मला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या दोन वेलांट्या मी लाल शाईनं दुरुस्त करून पत्र परत पाठवलं होतं. तरीही त्यानं लग्न केलं, हा त्याचा मोठेपणा. गावाबाहेर मी कधी बोलीत बोलले नाही. कुणी गाव विचारलं तर नेरूळ सांगायचे, सेक्टरसकट.

तर चौसष्ट धवले झाले, नातीचं लग्न माघात ठरलं आणि नेमकं त्याच सुमाराला बेलापूरच्या एका ओपन सोर्स मंडळींच्या मेळाव्यात मला बोलायला बोलावलं. घरगुती सर्व्हरवर आपल्या बोलीचा संग्रह कसा करावा, असा विषय मीच सुचवला होता. सुचवताना छान वाटलं. मेळाव्याच्या दोन दिवस आधी पडद्यावर फाइल उघडून पाहिली. भिंतीएवढ्या अक्षरात ‘पानी’. समोर शंभर माणसं. पुन्हा वर्ग हसणार.

सेड नावाचा एक जुना प्रोग्राम आहे, साधारण माझ्याच वयाचा. त्याला सांगायचं, या शब्दाच्या जागी तो शब्द घाल. तो एका दमात हजारो फाइलींत घालतो. तुमची खात्री आहे का, असं विचारत नाही. युनिक्सची रीतच ती. सांगताय म्हणजे तुम्हाला कळत असणार. मी शब्दांच्या जोड्यांची यादी केली. पानी पाणी, कोनी कोणी, आनला आणला, हलद हळद, नाय नाही, हाय आहे, मना मला. एंटर दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत चौसष्ट धवले शुद्ध झाले.

तेवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं, कारण जुनं सगळं इतिहासात होतं. पण इतिहासही मला गबाळा वाटला. प्रत्येक बदलाबरोबर मी तेव्हा मनाला येईल ते लिहून ठेवलं होतं, ‘मावशी रागावली, उरलेलं पुढच्या रविवारी’, ‘मासळी बाजारामुळे अर्धवट’. हे लोकांना काय दाखवायचं? मी सगळा इतिहास एका ओळीत दाबून बसवला आणि अडगळ झाडून टाकणारी कमांडही चालवली, म्हणजे जुन्या प्रती कायमच्या गेल्या. त्याच झटक्यात सर्व्हरची नोंदवही चाळली. किती लोक येऊन गेले तो आकडा मेळाव्यात सांगायचा होता. लोक जवळजवळ नव्हतेच. फक्त दर शुक्रवारी दुपारी अडीचला एकाच पत्त्यावरून कुणीतरी येऊन अख्खा संग्रह उतरवून नेत होतं. इतकं घड्याळ लावून माणूस येत नाही, हा कुणाचा तरी बॉट, आपोआप फिरणारा प्रोग्राम, असं म्हणून मी तो पत्ता बंद करून टाकला. घर आवरल्यावर दाराबाहेरचं मांजरही हाकलावं, तसं.

मेळावा छान झाला. टाळ्या पडल्या. पडद्यावरची सुरुवातीची एक फाइल मी नीट तपासून नेली होती, तेवढीच दाखवली. नवरा मागच्या रांगेत बसून वडा खात होता.

सेड चालवल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. लग्नाच्या गडबडीत तिनं मधे मोबाइल उघडलाच नव्हता. हळदीला नऊ दिवस राहिले, तेव्हा न गाता नुसतं पुटपुटून बघायला बसली.

"पोरी, यो कोनाचा धवला हाय?"

"तुझाच की, मावशी."

"माजा नाय. यो शालेतला हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "आनि नवरी कशाला बसली? मना वाचताच येत नाय."

मी उघडून पाहिलं. नवरी ‘न्आहेला’ बसली होती. न्हायला या शब्दाच्या पोटात हाय आहे, आणि सेडनं इमानदारीनं त्याचं आहे केलं होतं. पुढच्या फाइलीत नवरीच्या ‘मलात’ काय होतं ते विचारलं होतं. मनात मना असतं, त्याचं मला झालं. शब्दाच्या कडा बघून, अख्खा शब्द जुळला तरच बदल, असं सांगायला मी विसरले होते. ही चूक मी हाताखालच्या पोरांच्या कामात लांबून ओळखते.

आणि ती मोडतोड नीट केली तरी भागणार नव्हतं. मावशीनं मनात चाल धरून पुटपुटून बघितलं, तर जिथे पाणी, कोणी, आणला आले तिथे तिची जीभ अडकत होती, आणि जीभ अडकली की चाल अडकत होती, चाल अडकली की पुढची ओळ जात होती. ती फोनवर तीनदा सुरू करून तीनदा थांबली. शेवटी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. सांगू त्या दुसरे बाईला." तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

उलटी कमांड का नाही चालवली, असं कुणी विचारेल. कारण मावशीच्या तोंडी सगळीकडे न नव्हता. काही जुन्या ओळींत ती लांबवून ‘नाही’ म्हणायची, लगेच पुढे ‘नाय’. एका धवल्यात तर स्वच्छ ‘आहे’ होतं. कुठलं तिचं आणि कुठलं माझं, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. पुन्हा सांग म्हणायचीही सोय नव्हती. वर्षापूर्वी सांगितलेल्यातले वीसेक धवले आता तिच्याकडे उरले नव्हते. ते फक्त माझ्याकडे होते.

आता बॅकअप. बॅकअप होता. रोजचा, न चुकता, दुसऱ्या डिस्कवर. मागच्या सात दिवसांचा. आणि आज बारावा दिवस होता. सातही दिवस माझं शुद्धलेखन नीट जपून ठेवलेलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी ड्राय बाल्कनीत स्टुलावर बसले आणि मला खरंच रडू आलं. नवरा आला, काय झालं ते ऐकलं आणि एरवी ज्यावर त्यानं महिनाभर खवचटपणा केला असता ते सोडून सरळ स्वयंपाकघरात गेला. चहा करून आणला. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

त्याच दिवशी रजा टाकली आणि नोंदवही पुन्हा वाचत बसले, काहीतरी करायचं म्हणून. तिथे तो शुक्रवारचा पत्ता दिसला. मी दार लावल्यानंतरच्या शुक्रवारी अडीचला आला होता, नकार. पुन्हा पाच मिनिटांनी, नकार. संध्याकाळी एकदा, नकार. बॉट असा नाराज होऊन संध्याकाळी परत येत नाही. माणूस येतो. आणि तो माणूस दर शुक्रवारी सगळं उतरवून नेत होता, म्हणजे त्याच्याकडे मी हात लावण्याआधीचं सगळं असणार.

पण हा कोण, हे कसं कळावं? मग मेलची आठवण झाली. माझ्या मेल सर्व्हरचे नियम माझ्यासारखेच, नको ते दारातूनच परत किंवा कचऱ्यात. कचऱ्याची पेटी उघडली. त्यात ते पत्र पडलेलं होतं, दहा दिवस.

‘ताई, सलाम. मी नावड्याला राहतो, तळोज्याच्या एका कारखान्यात कंट्रोल रूमला आहे. तुमचे धवले मी दर शुक्रवारी नमाजनंतर घरी उतरवून घेतो आणि आमच्या अम्मीला वाचून दाखवतो. तिला दिसत नाही. ती रायगडातल्या खाडीकाठच्या गावची, शेजारी सगळे आगरी, तिनं लहानपणी भिंतीपलीकडून हे ऐकलेले आहेत. या शुक्रवारी उतरले नाहीत. माझ्याकडून तुमच्या सर्व्हरला काही त्रास झाला असेल तर माफ करा.’

पत्राखाली नंबर होता, मी फोन लावला. स्वतःची ओळख दिली. विचारलं, जुनी प्रत आहे का. तो म्हणाला, "आहे ना ताई. मी साधा प्रोग्राम लावून ठेवलाय, दर शुक्रवारी नवं उतरवायचा, मग जुनं पुसायचा. पण नवं आलंच नाय, तर त्यानं जुनं पुसलं पण नाय." मी त्याला बॉट समजून हाकललं नसतं, तर माझं शुद्धलेखन त्याच्या घरातही जाऊन बसलं असतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती आणि त्या सुळीमुळेच सगळं वाचलं होतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो खूप हसला.

"मेल करू का लगेच?" असं त्यानं विचारलं. मग जरा अडखळत म्हणाला, "नायतर ताई, तुमी याच. अम्मी कधीची बोलते, ती पानीला पानी लिवनारी बाई कोन हाय ती मना भेटव."

पानीला पानी लिहिणारी बाई. मी पत्ता विचारला. येते म्हटलं.

नावड्याला तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. म्हातारी खिडकीजवळ पलंगावर बसली होती, पांढरी ओढणी, हातात सुपारीचा अडकित्ता. तिनं माझा हात हातात घेतला आणि मुलाला म्हणाली, "ही त पोरगी हाय. मना वाटला माज्यावानी म्हातारी असल." बावन्नाव्या वर्षी मला कुणी पोरगी म्हणालं, तेवढ्यावर मी तिला काहीही दिलं असतं. तिनं न्हाणाचा धवला वाचायला सांगितलं. मुलानं त्याच्या संगणकावर जुनी फाइल उघडली. तिथे सगळं होतं, जसंच्या तसं. मी वाचायला लागले, समोर ‘पानी’ लिहिलेलं असून मी ‘पाणी’ वाचलं. चाळीस वर्षांची सवय. म्हातारीनं अडकित्ता थांबवला.

"तुज्या तोंडान यवडा साबन कोनी घातला?"

मुलगा ओशाळला. मला मात्र हसू आलं आणि मग थांबेना. मी पुन्हा सुरुवात केली. कोनी आनला पानी गो. जीभ पहिल्या दोन ओळींत अडखळली, तिसऱ्या ओळीला सुटली. सगळा धवला मी मोठ्यानं, बोलीत वाचला. म्हातारी ओठ हलवत होती. मधे एके ठिकाणी मला थांबवून तिनं तिच्या गावची एक ओळ सांगितली, ती आमच्याकडे नव्हती. मी ती वेगळ्या फाइलीत, तिच्या गावाच्या नावानं लिहून घेतली. निघताना त्यांनी घावणे खायला घातले आणि ती जुनी प्रत पेन ड्राइव्हवर दिली. मी टॅक्सीत तो पेन ड्राइव्ह पर्समध्ये ठेवला नाही, मुठीत ठेवला.

चौसष्टही धवले परत मूळ जागी बसले. प्रती आता चार ठिकाणी आहेत, त्यातली एक नावड्याला, आणि शुक्रवारचं दार सताड उघडं आहे. मेळाव्यातल्या एका उत्साही तरुणानं मधल्या काळात फाइली उतरवून माझं ‘न्आहेला’ वगैरे दुरुस्त केलं, वर उरलेल्या ‘न’चेही ‘ण’ केले आणि सगळं मला पाठवलं, सोबत नम्र चिठ्ठी. मी त्याला लिहिलं, आभारी आहे, पण इथे शुद्धलेखनाची एकच चूक झाली होती आणि ती मी केली होती.

हळदीचा दिवस उजाडला. दुपारी चारला मावशीच्या दारातल्या मांडवात बायका जमल्या. नवऱ्या मुलाकडच्याही आल्या होत्या, त्यांच्या गावची धवलारीण त्यांच्यात होती आणि ती काही ऐकायला आली नव्हती, लागलं तर बसायला आली होती. मावशीनं तिच्याकडे एकदा पाहिलं. मग मोबाइल मांडीवर ठेवून सुरुवात केली. पहिले दोन धवले सरळ गेले. तिसऱ्याला हळद वाटायची आणि लावायची, आणि तिथे आमच्या कुणाच्याच डोक्यात न आलेली गोष्ट घडली. मावशीचे दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीनं भरले. पडदा बोटाला दाद देईना. तिनं एकदा दाबलं, दोनदा दाबलं, पडदा पिवळा झाला आणि मग काळा. मावशी थांबली.

मागच्या बायकाही थांबल्या. ती दुसरी धवलारीण जरा पुढे सरकली.

मी मोबाइल घेतला, पदरानं पुसला, चालू केला आणि मावशीच्या खांद्याशी टेकून बसले. पण ती त्यातलं वाचणार कशी, हात गुंतलेले, चष्म्यावर हळद. तिनं मोबाइलकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग मी पुढची ओळ बोलले. भर मांडवात, माझ्या ऑफिसच्या चार जणी समोर खुर्च्यांवर बसलेल्या असताना. मामानी आनली हलद गो. मावशीनं ती ओळ माझ्या तोंडातून उचलली आणि चालीवर घेतली. पुढची मी सांगितली, तिनं घेतली. हळद झाली, न्हाण झालं, मांडवात बसवणं झालं. चाल तिची, शब्द तिचे, मी फक्त एक ओळ पुढे चालत होते. ती कुठेही अडखळली नाही. दिवे लागायच्या सुमाराला शेवटचा धवला संपला, तेव्हा नात रडत होती आणि मावशी घाम पुसताना स्वतःच्याच कपाळाला हळद लावून घेत होती.

मग ती दुसरी धवलारीण उठून आमच्याजवळ आली. मावशीच्या पाया पडली. माझ्याकडे बघून तिनं मावशीला विचारलं, "ही पन धवलारीन हाय का?"

"नाय गो," मावशी म्हणाली. "ही लिवते. पयले चुकायची, आता बरोबर लिवते."